हल्ल्यानंतर देश खरंच सेफ होतो का, हे घरबसल्या कसं तपासायचं (२६/११ चं उदाहरण घेऊन)

दरवर्षी २६ नोव्हेंबर आला की दोन टाइपचे मेसेज फिरतात. एकात असतं "आता कोणाची हिंमत नाही होणार", दुसऱ्यात "काही बदललेलं नाहीये, उद्या परत होईल". फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कोणीच काही तपासलेलं नसतं. पण हे तपासता येतं, आणि त्यासाठी आयबीत नोकरी लागत नाही, एखाददोन रविवार, इंटरनेट आणि जरा चिवटपणा एवढं बास. मी इथे २६/११ धरलंय कारण मुंबईबद्दल वाचायला भरपूर मिळतं, बाकी हीच पद्धत लंडन म्हणा कोलंबो म्हणा कुठेही लावा.

आधी प्रश्न नीट मांडा

"देश सेफ झाला का" हा प्रश्न इतका ढोबळ आहे की त्याला कुठलंही उत्तर बरोबरच वाटतं. म्हणून आधी लिहून काढा: कुठे, कोणासाठी, कशापासून, आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत.

हे का, तर २००९ बघा. २६/११ नंतरचं पहिलंच वर्ष, मुंबई-पुण्यात मोठं काही झालं नाही, पेपरवाल्यांनी वर्षभराने "मुंबई सावरली" छाप लेख लिहिले. त्याच वर्षी त्याच राज्यात गडचिरोलीत फेब्रुवारीत मरकेगाव, मे मध्ये हत्तीगोटा आणि ऑक्टोबरमध्ये लाहेरी अशा तीनच घटनांमध्ये ४५ च्या वर पोलिस नक्षलवाद्यांनी मारले. मग महाराष्ट्र सेफ झाला होता की नव्हता? कुलाब्यातल्या माणसाला विचाराल तर हो, गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या पोलिसाच्या बायकोला विचाराल तर ती दारातूनच परत पाठवेल. देशभराचं बघितलं तरी नक्षली हिंसेचं सगळ्यात वाईट वर्ष २०१०, नागरिक आणि जवान मिळून हजारावर मेले, एकट्या दंतेवाड्यात एप्रिलमध्ये ७६ जवान. हाच सरकारी आकडा २०२४ मध्ये दीडशेवर आलाय, म्हणजे तिथे खरंच मोठी घट आहे, पण तिचा २६/११ नंतर केलेल्या गोष्टींशी संबंध फार थोडा. तेव्हा एका कागदावर एकच प्रश्न. मी घेतलाय तो असा: मुंबईत राहणाऱ्या सामान्य माणसाला, २६/११ सारख्या हल्ल्यापासून, २००८ च्या तुलनेत आज.

नुसते हल्ले मोजू नका, आणि मोजायचेच तर मागून मोजा

सगळे इथेच फसतात. एखादं वर्ष फार वाईट गेलं की पुढचं वर्ष बहुतेक वेळा कमी वाईटच असतं, सरकारने काही केलं असो वा नसो. त्यामुळे "हल्ल्याच्या वर्षी १६६ मेले, पुढच्या वर्षी शून्य" ही तुलना टाळ्यांसाठी ठीक, तिने सिद्ध काही होत नाही.

मुंबईची यादी मागून लावून बघा. १२ मार्च १९९३, २५७ मृत. त्यानंतर बरीच वर्षं मोठं काही नाही. मग डिसेंबर २००२ ला घाटकोपरची बस, मार्च २००३ मुलुंडची लोकल, ऑगस्ट २००३ गेटवे आणि झवेरी बाजार, ११ जुलै २००६ लोकलमधले स्फोट. मग २६/११. मग १३ जुलै २०११ ला परत झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर. आता विचार करा, २००० साली कोणी बसून "९३ नंतर मुंबई सुरक्षित झाली" असं लिहिलं असतं तर आकडे त्याच्याच बाजूने होते ना. सात वर्षं शांत. आणि तरी पुढच्या आठ वर्षांत काय झालं ते आपण पाहिलं. २०११ नंतर मुंबईत तसा मोठा हल्ला झालेला नाही, ९३ नंतरच्या शांततेपेक्षा हा काळ बराच मोठा आहे, त्यामुळे त्याला वजन द्यायचं. पण वजन द्यायचं म्हणजे निकाल लावून मोकळं व्हायचं नाही.

जाता जाता एक. ७/११ च्या लोकल स्फोटांत सरकारी आकड्याने १८९ माणसं गेली, २६/११ पेक्षा जास्त, तरी कायदे, फोर्स, बोटी, सगळं आलं ते २६/११ नंतर. साठ तास टीव्हीवर लाइव्ह चाललं, ताज होतं, परदेशी पाहुणे होते. ७/११ ला यातलं काही नव्हतं, डबे फर्स्ट क्लासचे होते, पण होते तर लोकलचेच. कुठल्या हल्ल्यानंतर देश हलतो हे मृतांच्या आकड्यावर ठरत नाही, हे यादी करताना दिसतंच.

आता खरं काम: त्या हल्ल्यात कुठे कुठे भोकं दिसली त्याची यादी

प्रत्येक मोठ्या हल्ल्यात ठरावीक भोकं उघडी पडतात. ती एकेक करून लिहा आणि प्रत्येकापुढे तीन रकाने करा: घोषणा कधी झाली, प्रत्यक्ष चालू कधी झालं, आणि आज चालतंय का. तिसरा रकाना भरायला सगळ्यात अवघड, आणि कामाचा तोच. मी केलेली यादी देतो, तुम्ही तुमची करा.

एनएसजीला, म्हणजे केंद्राच्या कमांडो दलाला, झालेला उशीर. हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला, कमांडो मानेसरला, विमान चंदीगडला, आधी ते दिल्लीला आणायचं मग माणसं भरायची, मुंबईत उतरून बसने दक्षिण मुंबईत यायचं, उजाडलं तरी पुरतं ऑपरेशन सुरू नव्हतं. यावर २००९ मध्येच मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबादला एनएसजी हब झाले आणि राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो दल उभं केलं. हे भोक बऱ्यापैकी बुजलं असं मी धरतो, घोषणा आणि काम यातलं अंतर सगळ्यात कमी इथेच आहे. फक्त मरोळ (एनएसजी) किंवा गोरेगावहून (फोर्स वन) संध्याकाळी सात वाजता कुलाब्याला पोचायला किती वेळ लागेल हा प्रश्न ज्याने वेस्टर्न एक्सप्रेस हायवे बघितलाय तो विचारणारच.

तपास. दहशतवादाचा तपास देशभर करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, एनआयएचा, कायदा ३१ डिसेंबर २००८ ला लागू, म्हणजे हल्ल्यानंतर पाच आठवड्यांत. फटाफट.

माहिती एकमेकांना देणं. समुद्रातून येऊ शकतात, ताज निशाण्यावर आहे, असे इशारे आधी येऊन गेले होते. ताजला इशारा मिळाला होता आणि काही दिवस बंदोबस्त वाढवला होता हे रतन टाटांनीच नंतर सांगितलं. म्हणजे माहिती होती, ती योग्य माणसाच्या टेबलावर योग्य दिवशी नव्हती. यावर सगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र आणणारं मल्टी एजन्सी सेंटर, जे कागदावर २००१ पासूनच होतं, ते चोवीस तास चालू केलं. नॅटग्रिडची (वेगवेगळ्या सरकारी नोंदी एकत्र जोडणारी यंत्रणा) घोषणा लगेच, वापरात यायला दशक उलटलं. आणि एनसीटीसी म्हणून एक मोठी केंद्रीय दहशतवादविरोधी संस्था मार्च २०१२ ला सुरू होणार होती ती राज्यांनी "आमच्या अधिकारात येता" म्हणून अडवली आणि ती तिथेच राहिली. या रकान्यात अर्धवट लिहा.

कॅमेरे. २६/११ नंतर लगेच ठरलं की शहरभर सीसीटीव्ही हवेत. टेंडरांचा घोळ, परत टेंडर, परत घोळ, आणि प्रोजेक्ट पूर्ण झाला ऑक्टोबर २०१६ मध्ये, साडेचार हजारांवर कॅमेरे. मधल्या आठ वर्षांत २०११ चे स्फोट होऊन गेले. आता आहेत आणि चोऱ्या, अपघात, अपहरण यात पोलिसांना भरपूर उपयोग होतो. मरायला तयार होऊन आलेल्या माणसाला मात्र कॅमेरा थांबवत नाही, नंतर कळतं एवढंच, त्यामुळे "कॅमेरे लावले म्हणून सेफ" हे वाक्य आलं की विचारायचं, कशापासून?

आणि समुद्र. यावर जरा थांबूया कारण मुंबईचा खरा प्रश्न हाच.

दहा जण कराचीहून निघाले, वाटेत पोरबंदरचा कुबेर नावाचा ट्रॉलर पळवला, मग रबरी बोटीतून कुलाब्याला मच्छिमार नगरात उतरले. त्यांना उतरताना पाहिलं, हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. कुठल्या रडारने नाही. विशेष म्हणजे किनारा सुरक्षा योजना २००५ पासून चालू होती, म्हणजे कागदावर हे भोक आधीच बुजलेलं होतं! म्हणून सांगतो पहिल्या रकान्यावर कधी जाऊ नका.

नंतर बरंच झालं हे मान्य करायला हवं. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली, आधी नौदल, कोस्ट गार्ड, कस्टम्स, पोलिस सगळे आपापलं बघायचे. नौदलाचं सागर प्रहरी बल आलं, हजार माणसं आणि ८० वेगवान बोटी. किनाऱ्यावर रडारची साखळी, कोळ्यांना बायोमेट्रिक कार्ड, बोटींना राज्याप्रमाणे रंग. २० मीटरपेक्षा मोठ्या बोटींना एआयएस, म्हणजे बोट कोणती आणि कुठे आहे ते आपोआप कळवणारं यंत्र, सक्तीचं. पण आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक मासेमारी बोटी २० मीटरपेक्षा छोट्याच, आणि कुबेरसारखी बोट पळवणाऱ्याला छोटी मिळाली तरी चालते. छोट्या बोटींना ट्रान्सपॉन्डर (असंच ठावठिकाणा कळवणारं यंत्र) द्यायची देशव्यापी योजना, एक लाख बोटींसाठी, सुरू झाली ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला. सोळा वर्षांनी.

चुकून झालेल्या परीक्षा शोधा

ही माझी सगळ्यात आवडती ट्रिक आहे आणि लोक ती अजिबात वापरत नाहीत. किनारा सुरक्षेची सरकारी ड्रिल असते, सागर कवच वगैरे, ती चांगलीच गोष्ट आहे, पण ड्रिलची तारीख सगळ्यांना माहीत असते. त्यापेक्षा ज्या दिवशी कोणी परीक्षा ठेवलीच नव्हती तो दिवस शोधा.

३१ जुलै २०११. एमव्ही पवित नावाचं अख्खं मालवाहू जहाज जुहूच्या चौपाटीवर येऊन रुतलं. माणूस नाही त्यावर एक. खलाशांनी ते महिनाभर आधी ओमानकडे सोडून दिलं होतं, बुडालं असं समजून सगळे विसरले, आणि ते अरबी समुद्र पार करून, नौदल, कोस्ट गार्ड, पोलिस अशी तीनही कडी ओलांडून थेट जुहूला. २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती. त्याच्या आधीच्या महिन्यात एमव्ही विस्डम तिथेच रुतलं होतं, पण ते टोइंग करताना सुटलेलं. या परीक्षेत नापास, दुसरा शब्द नाही.

१८ ऑगस्ट २०२२. रायगडमध्ये हरिहरेश्वरला एक रिकामी यॉट किनाऱ्याला लागली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. राज्यभर हाय अलर्ट, नंतर कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, जूनमध्ये मस्कतजवळ इंजिन बंद पडल्यावर सोडलेली. घातपाताचा प्रकार नव्हता. पण रायफली घेऊन वाहत आलेली बोट पहिल्यांदा दिसली ती परत किनाऱ्यावरच्या लोकांना. रडारच्या बाजूने बोलायचं तर वाहत आलेली छोटी फायबरची बोट पावसाळी समुद्रात पकडणं खरंच कठीण असतं. असो, कठीण असलं तरी परीक्षा तीच होती.

फेब्रुवारी २०२४. कुवेतमध्ये मालकाच्या जाचाला कंटाळलेले तमिळनाडूचे तीन मच्छिमार मालकाचीच बोट घेऊन निघाले आणि गेटवेच्या जवळ येईपर्यंत त्यांना कोणी अडवलं नाही. शेवटी मुंबई पोलिसांच्या गस्ती बोटीने पकडलं. तिघे बिचारे घरी निघाले होते, पण मार्ग बघा. इथे अर्धे मार्क, शहराच्या तोंडाशी का होईना पकडले तर, २००८ ला तेही नव्हतं.

या तीन तारखा एकाखाली एक लिहिल्या की घोषणांच्या ढिगापेक्षा जास्त कळतं. दुसऱ्या देशांसाठीही असंच शोधा. अमेरिकेत ९/११ नंतर विमानतळांवर केवढी तपासणी वाढली, आणि २०१५ मध्ये बाहेर आलं की सरकारच्याच माणसांनी नकली हत्यारं, बॉम्ब लपवून केलेल्या ७० पैकी ६७ चाचण्यांमध्ये ती आत गेली. आपल्याकडे कुठल्याही मोठ्या स्टेशनच्या दारात उभे रहा, मेटल डिटेक्टर टुंई टुंई करतोय आणि बाजूचा जवान मोबाइलमध्ये, ही पण एक परीक्षाच आहे, फुकटात बघायला मिळते.

चौकशी अहवाल कोणी लिहिला आणि तो तुम्हाला वाचता येतो का

नॉर्वेत २२ जुलै २०११ ला राजधानीत सरकारी इमारतीजवळ स्फोट आणि मग उतोया बेटावर गोळीबार, असे मिळून ७७ लोक मारले गेले. साधारण वर्षभराने आयोगाचा अहवाल आला, सगळ्यांसाठी खुला, आणि त्यात सरळ लिहिलेलं की सरकारी इमारतीवरचा स्फोट टाळता आला असता, तो रस्ता बंद करायचं काही वर्षं आधीच ठरलेलं पण कोणी केलं नाही, पोलिस बेटावर लवकर पोचू शकले असते. काही दिवसांत पोलिसप्रमुखांनी राजीनामा दिला.

आपल्याकडे राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती. त्यांनी पोलिसांच्या नेतृत्वावर, हत्यारांवर, नियम न पाळण्यावर बोट ठेवलं. पण त्यांना बघायचं होतं फक्त राज्याचं, केंद्राच्या गुप्तचर यंत्रणा कक्षेबाहेर, आणि अहवाल सभागृहात ठेवायलाच सरकार आधी तयार नव्हतं, मग तो फुटला. अमेरिकेने ९/११ नंतर नेमला तसा पूर्ण देशपातळीचा आयोग नेमलाच नाही. राजीनामे मात्र झाले: शिवराज पाटील, विलासराव, आर. आर. आबा. राजीनाम्याने राग शांत होतो, भोक कुठे होतं ते कळत नाही. श्रीलंकेत २०१९ च्या ईस्टर स्फोटांआधी भारताने नावांसकट इशारा दिला होता आणि तो राष्ट्राध्यक्ष-पंतप्रधानांच्या भांडणात वाया गेला, तिथे निदान सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांनाच १० कोटी श्रीलंकन रुपये नुकसानभरपाई भरायला लावली.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर अटकांचे आकडे पाहताना शेवटपर्यंत टिकलेली शिक्षा किती हे बघा. ७/११ मध्ये दोषी ठरलेल्या बाराच्या बारा जणांना हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष सोडलं. सुप्रीम कोर्टाने तो निकाल इतर केसेसना दाखला म्हणून वापरण्यावर स्थगिती दिली, म्हणजे प्रकरण संपलेलं नाही. पण हायकोर्टाचं बरोबर असेल तर १९ वर्षं चुकीची माणसं आत होती आणि बॉम्ब ठेवणारे बाहेर. "इतके पकडले" या ओळीने कोणी सुरक्षित होत नाही.

उलटा हिशेब पण मांडा

सुरक्षेचे उपाय कधीकधी दुसरीकडे माणसं मारतात. ९/११ नंतर अमेरिकन लोक विमानाला घाबरून गाडीने जायला लागले, आणि गेर्ड गिगरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हिशेब काढला की वर्षभरात त्यामुळे रस्त्यावर सुमारे दीड हजार माणसं जास्त मेली. दुसरं उदाहरण कॉकपिटच्या दरवाजाचं. ९/११ नंतर तो बुलेटप्रूफ आणि आतून लॉक होणारा केला, स्वस्त आणि माझ्या मते त्या काळातला सगळ्यात शहाणा उपाय. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच दरवाजाआड स्वतःला कोंडून विमान आल्प्समध्ये आपटलं, १५० गेले, कॅप्टन बाहेरून दार ठोकत होता. लंडनमध्ये २००५ च्या स्फोटांनंतर दोन आठवड्यांनी पोलिसांनी ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला दहशतवादी समजून गोळ्या घातल्या.

आणि पद्धत बदलते. ब्रिटनमध्ये नंतर वेस्टमिन्स्टर आणि लंडन ब्रिजला सरळ गाड्या घातल्या माणसांवर, ज्याला ना ट्रेनिंग लागतं ना स्फोटकं. आपल्याकडे २०११ नंतर मुंबई शांत, पण पठाणकोट, उरी, पुलवामा, आणि एप्रिल २०२५ ला पहलगाम, जिथे २६ पैकी सहा जण महाराष्ट्रातले होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. मग नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ कारचा स्फोट. मुंबईकर मुंबईत मेला नाही म्हणून हिशेबातून वगळायचा का, हे तुम्ही पहिल्याच पायरीवर ठरवलेलं असायला हवं, म्हणून तो कागद लिहायला सांगितला.

भीतीचा आकडा वेगळा ठेवा. मुंबईच्या लोकलच्या रुळांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त लोक मरतात. दर महिन्याला एक २६/११. हे लिहिलं की लोक चिडतात, मुद्दा भलतीकडे नेतोय म्हणतात, पण "सेफ" शब्द वापरायचा असेल तर हा आकडा शेजारी ठेवावाच लागतो.

उत्तर कसं लिहायचं

हो-नाही लिहू नका, तुकडे करून लिहा. माझं असं झालं: कराचीहून बोटीने दहा जण येऊन तीन दिवस शहर धरून ठेवणं आज २००८ पेक्षा बरंच अवघड, मुख्यतः कमांडो जवळ आहेत आणि समुद्राचा एक मालक ठरलाय म्हणून. छोट्या बोटीचं भोक अजून उघडं, २०२४ ची योजना पूर्ण झाल्यावर परत बघायचं. बाजारात ठेवलेली बॅग किंवा उभी केलेली कार, यात फार फरक पडलाय असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. माहिती देवाणघेवाण अर्धवट. अहवाल उघडपणा, नापास.

तिसरा रकाना भरायला संसदेतली प्रश्नोत्तरं चाळा, दोन्ही सभागृहांच्या साइटवर फुकट असतात, आणि कॅगचे अहवाल, कोस्ट गार्डवरचा २०११ चा जुना असला तरी कसं वाचायचं ते कळतं. आरटीआय टाकणार असाल तर एनआयए, एनएसजी, आयबीकडे टाकून फायदा नाही, ते कलम २४ खाली वगळलेले आहेत. त्याऐवजी आपल्या जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांकडे साधे प्रश्न टाका: सागरी पोलिस ठाण्यांना बोटी किती, त्यातल्या चालू किती, गेल्या वर्षी डिझेलवर खर्च किती, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. बोटी कुठे उभ्या असतात किंवा गस्तीच्या वेळा असलं काही विचारू नका, सुरक्षेचं कारण देऊन अख्खा अर्ज परत येईल, आणि त्यात त्यांचं चूक पण नाही. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.